निघायचं का?

"गार पाणी कुणी सोडलं?"

आवाज भिंतीपलीकडून आला आणि कानामेचा हात नळावरच थबकला.

हिनासावा गावच्या गरम झऱ्याच्या कुंडाच्या काठावर तो उकिडवा बसला होता. अंगावर काही नाही, डोक्यावर घडी घातलेला पंचा. अंगठा बुडवून पाहिला तर डोळ्यांत पाणी आलं, इतकं कढत. कोपऱ्यात नळ दिसला, विचारायला कुणी नव्हतं. म्हणजे एक म्हातारबाबा होते, पण ते डोळे मिटून गळ्यापर्यंत पाण्यात होते. झोपले असावेत, असं समजून त्याने नळ सोडला होता.

"अहो, तुम्हालाच विचारतेय. पुरुषांकडे कोण आहे?"

"मी... मी आहे."

"मी म्हणजे कोण? गावातले सगळे 'मी' मला आवाजावरून कळतात."

"पाहुणा आहे."

"ते कळलंच. पाहुणे, भिंत वरून आहे, खालून नाही. पाणी दोन्हीकडे एकच. तुम्ही सोडलेलं गार पाणी आमच्या तोमेआजींच्या गुडघ्यांवर येतंय. आणि त्या गुडघ्यांसाठीच बिचाऱ्या रोज इथे येतात."

"बर्फ ओतल्यासारखं झालं गं बाई!" दुसरा, थकलेला आवाज आला.

कानामेने घाईघाईने नळ बंद केला. म्हातारबाबांनी एक डोळा उघडला.

"विचारायचं असतं," ते म्हणाले. "आधी या बाजूला, मग त्या बाजूला. सगळे हो म्हणाले की सोडायचं. मी जन्मापासून इथे येतोय. अजून सगळे हो म्हणालेले नाहीत."

"मग उतरायचं कसं, आजोबा?"

"अंगावर घे. आधी पायावर, मग मांड्यांवर, मग पोटावर, शेवटी खांद्यावर. अंगाला कळू दे पुढे काय येणार आहे ते."

"आणि पंचा पाण्यात बुडवू नका!" पलीकडून ताकीद आली.

"डोक्यावर आहे माझ्या!"

"नवीन माणसाचा पडतोच."

कानामे हसला, लाकडी बादलीने खांद्यावर पाणी घेण्यासाठी वाकला आणि पंचा पडला. टप्प असा आवाज झाला. पलीकडे दोघी इतक्या हसल्या की भिंतीच्या फळ्या थरथरल्यासारख्या वाटल्या.

कानामे ट्रक चालवायचा. समुद्रकाठच्या बंदरातून मासळी भरायची आणि बर्फ वितळायच्या आत शहरात पोचवायची. एका थंडीत कंबर धरली ती सुटेना. डॉक्टर म्हणाले, औषध पुरे झालं, आता महिनाभर गरम पाण्यात बस. म्हणून तो डोंगरातल्या या गावी आला. उतरायला एक जुनं निवासगृह होतं. तिथे आपलं आपण शिजवून खायचं, आणि अंघोळीला गावाच्या कुंडावर जायचं. कुंडावर नोकर नाही, पहारेकरी नाही. गावातली घरं पाळीपाळीने ते घासून काढायची. नियमाची पाटीही नव्हती, कारण नियम सगळ्यांच्या अंगात मुरलेले होते. पाट्या लागतात त्या पाहुण्यांना, आणि पाहुणे तिथे फारसे येत नसत.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो टोफू आणायला गेला. दुकानाच्या दारातून वाफ बाहेर येत होती. आत एक मुलगी कोपरापर्यंत हात पाण्यात घालून पांढऱ्या वड्या कापत होती. केस रुमालाने बांधलेले, गाल वाफेने लाल.

"किती देऊ?" तिने मान वर न करता विचारलं.

आवाज ऐकताच कानामे सरळ उभा राहिला.

"तोमेआजींचे गुडघे कसे आहेत?"

तिचा सुरा थांबला. तिने वर पाहिलं, आधी त्याच्या तोंडाकडे, मग त्याच्या डोक्याकडे.

"आज पंचा नाही वाटतं?" ती म्हणाली.

तिचं नाव चिझुरु. दुकान वडिलांचं. आई लहानपणीच गेली होती. वडील रुंद खांद्यांचे, कमी बोलणारे. त्यांनी आतून एकदा पाहुण्याकडे पाहिलं आणि पुन्हा सोयाबीन दळायला लागले. चिझुरुने वडी बांधून दिली आणि वर पेलाभर गरम सोयाबीनचं दूध दिलं. "कंबरवाल्यांना देतो आम्ही," ती म्हणाली.

"सगळ्या कंबरवाल्यांना?"

"दिसायला बरे असतील तर."

त्यानंतर तो रोज टोफू खायला लागला. त्याला टोफू आवडत नव्हता.

संध्याकाळी दुकान बंद झालं की चिझुरु कुंडावर यायची. कानामेला ते भिंत सांगायची नाही, पाणी सांगायचं. पलीकडे कुणी उतरलं की भिंतीखालून एक लाट यायची आणि छातीला लागायची. तोमेआजी उतरल्या तर थांबत थांबत दोन-तीन लहान लाटा. शाळेच्या बाई उतरल्या तर एक मोठी, बादल्या हलवणारी. आणि चिझुरु उतरली तर... एकच, सावकाश, लांबपर्यंत जाणारी. ती आली की कानामे डोळे मिटून घ्यायचा.

"पाहुणे, झोपलात काय?"

"नाही."

"मग साबण झेला. आजींचा जुना तुकडा आहे, तुमचा शहरी साबण इथल्या पाण्यात फेस धरत नाही."

भिंतीवरून साबणाचा तुकडा आला, कानामेच्या हातून निसटला आणि नेमका गेन्झोआजोबांच्या टकलावर पडला.

"लागला का?" पलीकडून काळजीने विचारणा झाली.

"साबणाला नाही लागलं," आजोबा म्हणाले.

गेन्झोआजोबा म्हणजे पहिल्या दिवशीचे ते म्हातारबाबा. सगळ्यांच्या आधी यायचे. बाहेर पडण्यापूर्वी काठावर बसून पंचा पिळून पिळून अंग कोरडं करायचे, अगदी पायाच्या बोटांमधलंसुद्धा. कपडे घालायच्या खोलीतल्या फळ्या ओल्या करायच्या नाहीत, हा त्यांचा बाणा. आणि दाराशी पोचले की भिंतीकडे तोंड करून म्हणायचे, "किकुए, निघालो गं."

पलीकडून कुणीतरी उत्तर द्यायचं. कधी तोमेआजी, कधी शाळेच्या बाई, कधी चिझुरु. "हो, आलेच मी. तुम्ही व्हा पुढे."

कानामेला वाटलं, आजोबांच्या बायकोचा आवाज रोज बदलतो की काय! त्याने चिझुरुला विचारलं.

त्या वेळी ती ओढ्याकाठच्या उकळत्या झऱ्यावर आली होती. तिथे गावातल्या बायका पालेभाजी उकडतात, अंडी उकडतात. ती जाळीच्या पिशवीतली भाजी दोरीने पाण्यात सोडत होती. बारीक हिम पडत होतं, आणि झऱ्याच्या वाफेत शिरलं की नाहीसं होत होतं.

"किकुएआजी गेल्या," ती म्हणाली. "बरीच वर्षं झाली. पण आजोबा हाक मारल्याशिवाय बाहेर पडतच नाहीत. पडले तर त्यांना वाटतं, त्या आत राहिल्या. मग जी कुणी असेल ती उत्तर देते."

कानामेने वाफेआडून कुंडाच्या छपराकडे पाहिलं.

"ती निघायची हाक सगळे नाही मारत हं," चिझुरु दोरी हलवत म्हणाली. "नवरा-बायकोच मारतात. एकाने आधी निघून बाहेर थंडीत कुडकुडायचं नाही, दोघांनी एकदम निघायचं, म्हणून. लग्न न झालेल्या कुणी हाक मारली आणि पलीकडून हो आलं... तर झालंच, लग्न ठरलं. दुसऱ्या दिवशी घरी तांबडा भात शिजतो आणि शेजाऱ्यांकडे वाटला जातो."

"एवढ्यावर?"

"एवढ्यावर म्हणजे? सगळ्या गावासमोर, अंगावर कपडा नसताना विचारायचं आणि सांगायचं. याहून जास्त काय लागतं?"

तिने पिशवी वर ओढली. हिरव्या पाल्यातून पाणी निथळत होतं. ती त्याच्याकडे बघत नव्हती.

"कधी मी हाक मारली ना, तर तू पंचासुद्धा न घेता पळशील," ती म्हणाली.

पहिल्यांदाच ती त्याला 'तू' म्हणाली होती. कानामेच्या कानात तेच घुमत राहिलं.

"मारून तर बघ," तो म्हणाला.

तिने मान वर केली. वाफेतून दोघं एकमेकांकडे बघत राहिले. बराच वेळ. मग ती हसली, "भाजी जास्त शिजली की रे तुझ्यामुळे," म्हणाली आणि गेली.

पुढचे चार-पाच दिवस दोघंही नेहमीसारखे वागले. निदान तसं दाखवलं. कंबर बरी झाली होती. मालकाचा फोन आला, गाडी तयार आहे, ये. कानामेने तिला दुकानात सांगितलं, "परवा निघतोय." तिने वडी बांधली. दूध दिलं. दिसायला बरे असण्याबद्दल काही बोलली नाही.

त्या संध्याकाळी कुंड गच्च भरलं होतं. गावातल्या तरुण मंडळींनी आग विझवण्याचा सराव केला होता आणि सगळे चिखल धुऊन पाण्यात उतरले होते. मध्यभागी चिझुरुचे वडील बसले होते, डोळे मिटून. कानामेला जागा मिळाली ती नेमकी त्यांच्या शेजारी. पाण्याखाली त्यांचा दंड त्याच्या दंडाला लागत होता. एवढा मोठा दंड त्याने बंदरावरच्या हमालांचाही पाहिला नव्हता.

भिंतीखालून लाट आली. एकच, सावकाश, लांबपर्यंत जाणारी.

तरुणांचे विनोद चालले होते. कुणाचा तरी बंब उलटा फवारला होता, त्यावरून हशा पिकत होता. आणि त्या हशातून भिंतीपलीकडून आवाज आला. मोठा नव्हता. पण स्पष्ट होता.

"कानामे... निघायचं का?"

हसू एकदम थांबलं. छपरावरून थेंब पाण्यात पडत होते, तेवढाच आवाज. सगळ्यांची तोंडं त्याच्याकडे वळली. कुणीतरी शीळ घालायला ओठांचा चंबू केला आणि शेजाऱ्याने त्याला कोपर मारलं. वडिलांनी डोळे उघडले. पण त्याच्याकडे पाहिलं नाही, समोर पाण्याकडे पाहत राहिले.

कानामेला 'हो' एवढंच म्हणायचं होतं. तो शब्द त्याच्या घशापर्यंत आला होता, नंतर वर्षभर तो स्वतःला हेच सांगत राहिला. पण इतके डोळे, तो दंड, परवाची गाडी, दोन महिन्यांचं थकलेलं भाडं... त्याला वाटलं, बाहेर गेल्यावर बोलू. बाहेर नीट सांगू. एकटीला सांगू.

तो काही बोलला नाही.

गेन्झोआजोबा त्याच्याकडे बघत होते. त्यांनी हनुवटीने भिंतीकडे खूण केली. पुन्हा केली.

"बरं," पलीकडून आवाज आला. हलका, जणू काही झालंच नाही असा. "मग मी निघते."

पाणी एकदम खाली गेल्यासारखं वाटलं. लाट उलटी गेली.

कानामे तेव्हा उठला. काठावरून घसरला, सावरला, अंग न पुसता तसाच कपडे घालायच्या खोलीत धावला. ओल्या अंगावर सदरा चढेना. बाहेर आला तर दारात तिची पादत्राणं नव्हती. हिमावर पावलं होती. रस्त्याच्या वळणापर्यंत सरळ गेलेली, कुठेही न थांबलेली.

दुसऱ्या दिवशी दुकानात वडील होते.

"चिझुरु?"

"मावशीकडे गेली." त्यांनी वडी बांधली. वर पेलाभर दूधही दिलं. रागाने दिलं असतं तर कानामेला बरं वाटलं असतं.

तो गेला. मासळी भरायची, शहरात पोचवायची. गाडीत तो एकटाच असायचा आणि बोगद्यात शिरला की मोठ्याने म्हणायचा, "हो. निघू या." बोगदा ते त्याला परत ऐकवायचा. फोन करावा असं रोज वाटायचं. पण जी हाक तिने सगळ्या गावासमोर मारली, तिला फोनवर गुपचूप उत्तर कसं द्यायचं? ते तिथेच द्यायला हवं, त्याच पाण्यात बसून, सगळ्यांना ऐकू जाईल असं. हे त्याला पटलं होतं. फक्त जायला हिंमत होत नव्हती. पहिलं हिम पडलं तेव्हा त्याने मालकाला सांगितलं की कंबर पुन्हा धरली. कंबर ठणठणीत होती.

हिनासावाला तो संध्याकाळी पोचला. सामान खोलीत टाकलं आणि आधी कुंडावर गेला. दुकानाकडे जायचंच नाही, आधी उत्तर, मग तोंड दाखवायचं, असं त्याने वाटेत ठरवलं होतं.

बुटक्या चौरंगावर बसून त्याने अंग नीट घासलं. साबणाचा एक शिंतोडा शेजाऱ्यावर उडू दिला नाही. पायापासून खांद्यापर्यंत पाणी घेतलं आणि आवाज न करता उतरला. पंचा डोक्यावर घट्ट बसला होता.

"आलास," गेन्झोआजोबा म्हणाले. त्यांचं तोंड कसनुसं झालं. "कानामे, ऐक, तुला एक सांगायचं..."

"पाहुणे का?" पलीकडच्या कोपऱ्यातून एक तरुण सरकत आला. हसतमुख, हात मनगटापर्यंत पांढुरके, सुरकुतलेले. "पाणी सोसतंय ना? मला तर पहिले आठ दिवस उतरताच येत नव्हतं. पण बरं का, तो गार पाण्याचा नळ सोडायचा झाला तर..."

"दोन्हीकडे विचारावं लागतं," कानामे म्हणाला.

"अरे वा! तुम्हाला माहीत आहे की!"

आजोबा पुन्हा काही बोलणार, इतक्यात भिंतीखालून लाट आली. एकच. सावकाश. लांबपर्यंत जाणारी. कानामेला पुढचं काही ऐकू आलं नाही. पाहुण्याला भिंतीपलीकडे जेवढं बोलायची मुभा होती, तेवढंच तो बोलला.

"पलीकडे कोण आहे? जरा गार पाणी सोडलं तर चालेल का?"

पलीकडे शांतता पसरली. नेहमीपेक्षा जास्त.

"नाही चालणार!" तोमेआजी ओरडल्या.

आणि मग, थोड्या वेळाने, तो आवाज. "असू द्या गरमच, पाहुणे. अंगाला... सवय होते."

तिने ओळखलं होतं. कानामेची छाती भरून आली. पाहुणे म्हणाली, पहिल्या दिवसासारखं! रागावली असती तर बोललीच नसती. तो वाट बघत राहिला. छपरावरून थेंब पडत होते. पलीकडे बादली ठेवल्याचा आवाज झाला, आणि मग...

"निघायचं का?"

या वेळी त्याने कुणाकडे पाहिलं नाही. वर्षभर बोगद्यात घोकलेलं उत्तर खणखणीत बाहेर पडलं.

"हो! निघू या!"

"हो गं, आलोच!" त्याच क्षणी, त्याच्या शेजारून, तो तरुण म्हणाला.

दोन्ही आवाज एकदम भिंतीवरून पलीकडे गेले.

तरुण कानामेकडे बघत राहिला. हसावं की काय करावं, त्याला कळेना. पलीकडे कुणी श्वाससुद्धा घेत नव्हतं.

"निघू या, निघू या," गेन्झोआजोबा मोठ्याने म्हणाले. "मी मघाशीच म्हटलं याला, फार बसू नकोस, कंबरेला सोसायचं नाही. त्याचं उत्तर आत्ता देतोय बघ. हे ट्रकवाले! यांच्याकडून सगळंच उशिरा पोचतं."

तरुण मोकळेपणाने हसला. काठावर बसून त्याने अंग पुसलं, दोघांना वाकून नमस्कार केला आणि गेला. त्याच्या मागोमाग पाणी एकदम खाली गेल्यासारखं झालं, आणि लाट कानामेच्या छातीवरून परत भिंतीखाली निघून गेली.

दोघं बसून राहिले. आजोबांचं तोंड उकडलेल्या खेकड्यासारखं लाल झालं होतं.

"तुम्ही निघा, आजोबा. चक्कर येईल."

"तू आधी ऊठ."

कानामे उठला नाही.

"वसंतात झालं लग्न," आजोबा म्हणाले. "शुहेई नाव. टोफूचं काम शिकायला आला होता. पहाटे बापाच्या आधी उठतो. चांगला आहे पोरगा. वाईट असता तर मी तुला सांगितलं असतं."

"ती... ती काही म्हणाली होती? त्या दिवशी?"

"त्या दिवशी तू सगळ्या फळ्या ओल्या करून धावलास. पुसल्या कुणी? मी. तिला सांगितलं मी, बाई गं, पोरगा अंगसुद्धा न पुसता धावला तुझ्यामागे." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "ती म्हणाली, आजोबा, पाय धावले, मग तोंड का नाही उघडलं?"

आजोबा काठावर बसले. पंचा पिळला, हात पुसले, पाठ पुसली, पायाच्या बोटांमधलं पाणी टिपलं. अंग लाकडासारखं कोरडं झालं तेव्हा उठले आणि दाराशी जाऊन भिंतीकडे तोंड केलं.

"किकुए, निघालो गं."

कानामेला वाटलं, तोमेआजी बोलतील. पण आवाज दुरून आला, पलीकडच्या कपडे घालायच्या खोलीतून. ती अजून गेली नव्हती.

"हो... या." मग थोडं थांबून, "बाहेर निसरडं झालंय. सावकाश या. आणि... अंग नीट पुसून या."

पलीकडचं दार सरकल्याचा आवाज झाला. बाहेर दोन माणसं काहीतरी बोलत, हिम तुडवत निघाली.

गेन्झोआजोबांनी स्वतःच्या कोरड्या हातांकडे पाहिलं, मग कानामेच्या निथळणाऱ्या खांद्यांकडे.

"आज माझी बायको जरा जास्तच बोलली," ते म्हणाले आणि आत गेले.

कानामे काठावर बसला. डोक्यावरचा पंचा काढून पिळला आणि पुसायला लागला. हात पुसले, छाती पुसली, पाय पुसले, बोटांमधलं पाणी टिपलं. घाई नव्हती. बाहेरच्या दोघांना वळणापलीकडे जाऊ द्यायचं होतं. सगळं अंग कोरडं झालं. तोंड मात्र पुन्हा पुन्हा पुसावं लागत होतं.